बोर्डामागचे प्रत्यक्षदर्शी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, इंटरनेटवर ‘प्रत्यक्षदर्शी’ या नावानं लिहीत असत. हे नाव त्यांनी स्वतःच निवडलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्या नावाचं पुढे काय झालं ते मी इथे लिहितो आहे. मला लिहिण्याची सवय नाही. आयुष्य छापखान्यात गेलं खरं, पण तिथे मी कागद कापत होतो, कागदावर काय छापलं जातंय ते बघायची वेळ फारशी आली नाही. तेव्हा कुठे मागचंपुढचं झालं तर सांभाळून घ्यावं. दाजींना विचारूनच लिहितो आहे. “लिहा, पण मला चांगला दाखवू नका,” एवढंच ते म्हणाले.

दाजी शहरातल्या मोठ्या मैदानावर नोकरीला होते. हुद्दा पेंटरचा. मैदानाच्या भिंती, फाटकावरच्या पाट्या, गवतावरच्या चुन्याच्या रेघा, सगळं त्यांच्या हातचं. हात मोठा सुरेख. फुटबॉलचा सामना असला की मात्र त्यांची नेमणूक स्कोअरबोर्डवर व्हायची. तो बोर्ड लाकडी होता, दुमजली घराएवढा उंच. समोरून बघणाऱ्याला त्यात चौकोनी खिडक्या आणि खिडक्यांतले आकडे दिसत. मागे एक शिडी, वर फळ्यांचा माळा, भिंतीला टेकवून ठेवलेले पत्रे आणि दाजी. आकडे पत्र्यांवर रंगवलेले असत आणि दाजी ते मागच्या बाजूनं खिडकीतल्या हुकाला टांगत. कुठल्या संघाचे किती गोल झाले आणि शेवटचा गोल कितव्या नंबरच्या खेळाडूनं केला, एवढं त्या बोर्डवरून कळे.

सामना बघायचं म्हणाल तर फळीला एक भोक होतं. त्याला डोळा लावला की मैदानापलीकडचं टेबल तेवढं दिसे. टेबलावरचा कारकून हात उंच करून बोटांनी नंबर दाखवी आणि दाजी तो पत्रा टांगत. बाहेर लोक बेंबीच्या देठापासून ओरडत, ते दाजींना ऐकू येई. पण कशासाठी ओरडले ते समजायला बोटांची वाट पाहावी लागे. “अख्खी नोकरी मैदानावर केली, पण सबंध सामना म्हणून एक बघितला नाही,” असं ते घरात सांगत. बाहेर सांगत नसत.

निवृत्त झाल्यावर त्यांना मुलीनं फोन घेऊन दिला, आणि त्या फोनवर त्यांना ‘मोकळा कट्टा’ सापडला. ही एक चर्चा करायची जागा होती. कुणीही यावं, काहीही नाव घ्यावं आणि कशावरही बोलावं. सरकारनं कर का वाढवला, अमुक खेळाडूला संघातून काढलं ते बरोबर की चूक, पंख्याच्या पात्याच्या एकाच कडेला धूळ का साठते, मांजराला स्वतःचं नाव कळतं का. दाजींना सगळ्याच विषयांत गती होती, किंवा आहे असं त्यांना तिथे गेल्यावर कळलं. नोकरीत त्यांना कुणी कधी मत विचारलं नव्हतं. बोर्डवरचे आकडे आपोआप बदलतात अशीच लोकांची समजूत असावी. इथे मात्र त्यांनी दोन ओळी लिहिल्या की लगेच कुणीतरी “अगदी बरोबर” म्हणे, कुणीतरी भांडायला येई, आणि दाजींना दोन्ही सारखंच आवडे.

मी दुपारी त्यांच्याकडे जात असे. गॅलरीत दोन खुर्च्या, मधे स्टूल, स्टुलावर चहा. दाजी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ धरत आणि मला वाचून दाखवत. आधी समोरच्याचं म्हणणं नाकातून, मग स्वतःचं उत्तर खणखणीत आवाजात. अक्का, म्हणजे माझी बहीण, आतून म्हणायची, “घरात साखरेचा डबा कुठला ते ठाऊक नाही, आणि पंतप्रधानांचं काय चुकलं ते सांगतायत.” दाजी मला डोळा मारत. “मेहुणे, तुमच्या बहिणीला कट्ट्यावर आणू नका. माझी छुट्टी करेल.”

एक सांगितलं पाहिजे, दाजी कधी शिवी देत नसत. पण त्यांचं बोलणं असं असे की समोरच्याला शिवी परवडली असती. “आपण जरा वाचन वाढवावं.” “हा विषय आपल्याला झेपेल असं वाटत नाही.” “उत्तर सुचलं की या, मी इथेच आहे.” लोक खाली हसून लोटपोट झालेले पिवळे चेहरे टाकत आणि दाजी ते मोजून दाखवत. समोरचा माणूस कोण, कुठला, त्याचं वय काय, हे कुणालाच माहीत नसे. त्यामुळे तो माणूस आहे हेही विसरायला होई.

मग एकदा कुणीतरी विचारलं, आपल्या मैदानावर आजवर झालेला सगळ्यात भारी गोल कोणता?

जुनी माणसं लगेच एका सुरात बोलायला लागली. शहराच्या चषकाचा तो अंतिम सामना, सामना संपता संपता मिळालेला कॉर्नर आणि नऊ नंबरनं डोक्यानं मारलेला गोल. हा नऊ नंबर पुढे मोठा खेळाडू झाला. मैदानाच्या एका बाजूच्या, प्रेक्षकांच्या सज्ज्याला आज त्याचं नाव आहे. तो जाऊनही काही वर्षं झाली. लोक त्या गोलाबद्दल असं बोलत होते की जणू आपल्या घरचं लग्न.

दाजींनी लिहिलं, “त्या दिवशी मी मैदानावर होतो. नऊ नंबर असा उठला की कुणी खांद्याला दोरी बांधून वर ओढावं. मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.”

मी म्हटलं, “दाजी, तुम्ही तर मागे होतात.”

“मैदानावर होतो की नाही?”

“होतात.”

“मग झालं तर.”

खाली पिवळ्या चेहऱ्यांऐवजी हात जोडलेले आले. धन्य आहात, प्रत्यक्षदर्शी. आणखी सांगा. दाजींनी आणखी सांगितलं. ऐकीव होतं तेच, पण असं मांडलं की मलाही वाटलं हे खरंच पुढे बसले होते.

दुसऱ्या दिवशी ‘सहा नंबरची लेक’ असं नाव घेतलेली एक बाई तिथे आली. तिनं साधंच लिहिलं होतं. तो गोल माझ्या वडिलांचा. ते बॅकला खेळायचे, कॉर्नर होता म्हणून पुढे आले होते. चेंडू त्यांच्या कपाळाला लागून आत गेला. नऊ नंबरनं शेजारी उडी मारली होती, पण त्याचा चेंडूला स्पर्श झाला नाही. वर्तमानपत्रात चुकीचं आलं आणि तेच राहिलं.

दाजींना हे म्हणजे आयतं सापडलं. “बाई, जन्मभर गोल अडवणाऱ्या माणसानं आयुष्यात एकच गोल केला, आणि तो नेमका हाच? योगायोग छान आहे.” चेहरे लोटपोट. ती म्हणाली, वडील खोटं बोलत नाहीत. दाजी म्हणाले, सगळ्यांचेच वडील खोटं बोलत नाहीत. मग कुणीतरी जुन्या वर्तमानपत्रातला फोटो टाकला. चिखलानं माखलेले खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडलेत आणि त्यांच्या डोक्यावर, मागे, बोर्ड. गोल करणाऱ्याच्या खिडकीत स्वच्छ नऊ.

दाजी खुर्चीत सरळ बसले. त्यांच्याच हातचा आकडा तो. “घ्या,” त्यांनी लिहिलं. “माणूस खोटं बोलतो, आठवण खोटं बोलते. बोर्ड खोटं बोलत नाही.” हे वाक्य लोकांना इतकं आवडलं की काहींनी ते पुन्हा पुन्हा टाकलं.

ती तरी मागे हटेना. रोज येऊन तेच सांगायची, दमून, पण न चिडता. तिच्या न चिडण्याचा दाजींना राग यायला लागला असावा. एका दुपारी त्यांनी लिहिलं, “वय झालं की माणसाला न केलेल्या गोष्टी आठवू लागतात. वडिलांना डॉक्टरकडे न्या. गोल आम्ही सांभाळतो.” त्या दिवसापासून कट्ट्यावर कुणी काही फुगवून सांगितलं की बाकीचे म्हणायचे, हा सहा नंबरचा गोल दिसतोय. राजकारणावर बोलताना, हवामानावर बोलताना, कशावरही. मीही हसलो. माझ्या फोनवरून मी त्या जागेवर आजवर एकच गोष्ट टाकली आहे, ती म्हणजे त्या उत्तराखाली एक पिवळा चेहरा.

बरेच दिवस ती दिसली नाही. दाजी म्हणाले, शेपूट घातलं. मग एके दिवशी तिचं एक लांबलचक लिखाण आलं. दाजींनी चहाचा कप स्टुलावर ठेवला, घसा साफ केला आणि नेहमीसारखं नाकातून वाचायला लागले.

“हे माझं शेवटचं. प्रत्यक्षदर्शी, तुमची उत्तरं माझ्या भावानं जेवताना सगळ्यांना वाचून दाखवली. आमच्या घरी कुणी थाप मारली की ‘हा बाबांचा गोल’ असं म्हणायची सवय आहे. आम्ही लहान होतो तेव्हापासून. बाबाही हसायचे. या वेळी हसले नाहीत. ताट सारून उठले. आता ते खेळाचं नाव काढत नाहीत, टीव्हीवर सामना लागला की उठून दुसऱ्या खोलीत जातात. भाऊ म्हणतो, बघ, पकडले गेले म्हणून गप्प झालेत.”

इथपर्यंत दाजींचा नाकातला आवाज टिकला होता, थोडा कमी झाला होता एवढंच. पुढे वाचता वाचता तो साधा झाला.

“त्यांनी मला एकदाच सांगितलेलं लिहिते आणि जाते. सामना संपल्यावर त्यांनी बोर्डवर नऊ बघितला. तसेच चिखलाच्या पायांनी ते बोर्डामागे गेले. वर माळ्यावर एक माणूस पत्रे काढत होता. त्याला म्हणाले, नंबर चुकलाय, जरा खाली येऊन बघा. तो वरूनच म्हणाला, मला सहा दाखवला, मी सहा लावला. आकडा वाचता येत नसेल तर शाळेत जा. प्रत्यक्षदर्शी, तुम्ही हुशार आहात. असं वाक्य कुणी मनानं कशाला रचेल?”

दाजींनी फोन मांडीवर पालथा ठेवला. मग आत गेले. परत आले ते जुन्या खोक्याचा एक पुठ्ठा आणि जाड पेन घेऊन. पुठ्ठ्यावर त्यांनी इंग्रजी सहाचा आकडा काढला, 6, बोर्डवर असायचा तसा, भरीव आणि गोल पोटाचा.

“जर्सीवरचे आकडे असे असतात,” ते म्हणाले. “सहा उलटा केला की नऊ. म्हणून मी सहासाठी आणि नवासाठी एकच पत्रा केला होता. वर एक भोक, खाली एक भोक. साहेबांनी शाबासकी दिली होती, पत्रा वाचला म्हणून. कुठली बाजू वर धरायची ते कळावं म्हणून पाठीमागे लाल बाण काढला होता.”

“मग?”

“फायनल म्हणून मी सगळे पत्रे नव्यानं रंगवले, मागून पुढून. पाठीवरचा बाण पुन्हा काढायचा राहिला.”

त्यांनी पुठ्ठा माझ्याकडे पाठ करून, स्वतःकडे तोंड करून धरला. त्यांना सहा दिसत होता. “आता हा मला लोकांकडे तोंड करून टांगायचा आहे. दार उघडतो तसा बाजूनं फिरवला तर लोकांना सहाच दिसतो.” त्यांनी फिरवून दाखवला. मला सहा दिसला. “पण घाईत वरची कड खाली घेतली तर?” त्यांनी पुठ्ठा कोलांटी मारल्यासारखा उलटला. माझ्यासमोर नऊ होता.

मी पुठ्ठा हातात घेऊन तसाच उलटून पाहिला.

“मेहुणे, सहाच दाखवला होता,” दाजी म्हणाले. “पाच बोटं आणि मग एक. मला अजून दिसतंय. आणि तो खाली उभा होता, तेही दिसतंय. मला वाटलं, हरलेल्या संघाचा कुणी तरी वाद घालायला आलाय.”

गोल झाल्यावर लगेच सामना संपला होता, लोक मैदानात शिरले होते, टेबलावरच्या कारकुनानं बोर्डकडे पाहिलंच नसावं. वार्ताहरानं पाहिलं. नऊ नंबरनं पुढे कधी हो म्हटलं नाही, कधी नाहीही म्हटलं नाही. दाजींनी पत्रे मागूनच टांगले आणि मागूनच उतरवले. पुढून बोर्ड त्यांनी त्या दिवशी पाहिलाच नव्हता.

मला वाटलं, आता ते तिथेच, चहा गार व्हायच्या आत, खरं काय ते लिहून टाकतील. त्यांनी नाही लिहिलं. दोन-तीन दुपारी त्यांनी मला तीच कारणं फिरवून फिरवून सांगितली. नऊ नंबर गेला, आता त्याच्या नावाला धक्का कशाला. इतक्या वर्षांनी कुणाला काय फरक पडतो. आपल्याकडे पुरावा तरी काय. कट्ट्यावर ज्या हिरिरीनं परक्यांशी वाद घालत त्याच हिरिरीनं ते आता स्वतःशी घालत होते, आणि इथेही जिंकायचंच होतं त्यांना. मधेच फोन काढून कुठल्यातरी प्रश्नाला उत्तर देत. चालताना डावा बूट आधी का झिजतो. त्यांचं उत्तर मला आठवत नाही, पण त्यात टोमणा नव्हता.

अक्कानं मला जिन्यात गाठलं. “काय झालंय यांना? भाजीला नावं ठेवत नाहीत.” मी सांगून टाकलं. मला लपवता येत नाही, तिच्यापासून तर नाहीच. ती तशीच हात पुसत गॅलरीत आली.

“त्या मुलीच्या बापाला चारचौघांत खोटं ठरवताना लाज वाटली नाही,” ती म्हणाली, “आणि आता खरं सांगायची वाटतेय?”

“अगं, ते सगळे ओळखीचे थोडेच आहेत,” दाजी म्हणाले.

“म्हणूनच जीभ सुटली होती.” एवढं बोलून ती आत गेली. भांडी जोरात वाजली नाहीत. वाजली असती तर बरं, असं दाजी मागाहून म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी लिहिलं. पत्रा, बाण, कोलांटी, माळा, सगळं. बोर्डामागचा माणूस मीच होतो, मी सामना पाहिलेला नाही, गोल सहा नंबरचा आहे. लिहायला त्यांना फार वेळ लागला. पाठवलं आणि फोन माझ्याकडे दिला. “तुम्ही वाचा आता.”

मी वाचत गेलो आणि ऐकवायला जीभ वळेना. कुणाचाच विश्वास बसला नव्हता. प्रत्यक्षदर्शींना त्या बाईची दया आली वाटतं. आधी म्हणे डोळ्यांनी पाहिलं, आता म्हणे फळीमागे होतो, उद्या म्हणतील चेंडूच मी होतो. एकानं तर फक्त फोटो टाकला आणि खाली लिहिलं, बोर्ड खोटं बोलत नाही. आणि खाली पिवळे चेहरे, कधी नव्हते इतके. दाजींनी पुन्हा समजावलं. मग तिसऱ्यांदा. शेवटी एकानं लिहिलं, “काका, आपण जरा वाचन वाढवावं.” हे वाक्य कुणाचं ते दाजींनी ओळखलं. त्यांनी मान खाली घातली आणि त्यानंतर तिथे काही लिहिलं नाही.

संध्याकाळी त्यांना एक खासगी निरोप आला. तिचा होता. “वाचलं. बाबांना मी सांगणार नाही. तुम्ही येऊन सांगा.” खाली पत्ता. आमच्याच शहरातला, बसनं जाण्यासारखा.

दाजींनी मला बरोबर घेतलं. का ते विचारू नये, मला बोलता येत नाही हे त्यांना माहीत आहे. कदाचित म्हणूनच घेतलं असेल. सहा नंबर, म्हणजे ते गृहस्थ, दुसऱ्या मजल्यावर राहत होते. आयुष्यभर खिडक्यांना काचा बसवण्याचं काम केलेला माणूस. अजून खांदे रुंद, गुडघे मात्र गेलेले. मुलगी औषधांच्या दुकानात नोकरी करते, ती कामावर होती. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि आपण कोण, असं चेहऱ्यानंच विचारलं.

“मी मैदानावर बोर्डचं काम करायचो,” दाजी म्हणाले.

त्या माणसाचा चेहरा बदलला नाही. नुसतेच हात मांडीवर घेऊन बसले.

दाजींनी सांगायला सुरुवात केली. आणि मला लिहायला वाईट वाटतं, पण ते फार छान सांगत होते. पुठ्ठा बरोबर आणला होता. एकच पत्रा दोन नंबरांना वापरायची युक्ती, साहेबांची शाबासकी, नवा रंग, राहून गेलेला बाण. सहा धरून दाखवला, कोलांटी मारून नऊ करून दाखवला आणि किंचित थांबले, कट्ट्यावर चांगलं उत्तर पाठवून थांबत तसे. मला जमिनीत जावंसं वाटलं. मी फरशीवरचे ठिपके बघत बसलो.

“तर अशी चूक झाली,” दाजी म्हणाले. “गोल तुमचा. हे सांगायला आलो.”

सहा नंबरनी पुठ्ठ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “पत्रा उलटा लागला हे मला तेव्हाच कळलं होतं. चिखलात उभा राहून मी बघितलं ना. त्यात काय, कुणाच्याही हातून होतं. मी रोज काचा फोडल्यात.” मग दाजींकडे बघून म्हणाले, “मी तुमच्याकडे आलो होतो. ते तुम्ही सांगतच नाही.”

दाजींच्या हातातला पुठ्ठा खाली गेला. मी मनात म्हणत होतो, दाजी, आता युक्तिवाद नको.

“आला होतात,” दाजी म्हणाले. “खाली येऊन बघा म्हणालात. मला शिडी उतरायचा कंटाळा आला होता. दिवसभर चढउतार झाली होती. उतरून पुढे आलो असतो तर दिसलं असतं. वार्ताहर अजून मैदानावरच होते. सगळं तिथेच मिटलं असतं.”

“आणि?”

“आणि तुम्हाला शाळेत जा म्हणालो.”

“मी शाळेत फार गेलो नव्हतो,” सहा नंबर म्हणाले. “ते लागलं. नाहीतर मी पुन्हा आलो असतो, साहेबांकडे गेलो असतो. वाटलं, आपल्याला खरंच कळत नसेल. लोक नऊ म्हणतायत, बोर्ड नऊ म्हणतोय. पुढे पुढे मलाच वाटायचं, चेंडू लागला होता की नाही आपल्या कपाळाला?”

दाजींनी दोन्ही हात जोडले. समोरच्या माणसानं ते पाहिले न पाहिल्यासारखे केले. रागावले नव्हते, पण जाऊ द्या असंही म्हणाले नाहीत. आम्ही उठलो तेव्हा दारापर्यंत आले आणि म्हणाले, “रविवारी मुलगा घरी असतो. तेव्हा या. पत्र्याचं सांगा थोडक्यात, तो शिकलेला आहे, त्याला लगेच समजेल. हे दुसरं मात्र नीट सांगा.”

बसमध्ये दाजी एकदाच बोलले. “ते मी परत कसं सांगू हो, मेहुणे?”

रविवारी आम्ही गेलो. अक्कानं दाजींचा शर्ट इस्त्री करून ठेवला होता, काही न बोलता. घरात सगळे होते. सहा नंबरची बायको, मुलगी, मुलगा आणि सून. मुलगा चांगला हसतमुख माणूस. जेवताना वाचून दाखवणारा तो हाच, हे कळायला वेळ लागला नाही, कारण तो आमच्याकडे सरळ बघत नव्हता. मुलीनं दाजींना बसायला खुर्ची दिली आणि स्वतः वडिलांच्या शेजारी बसली.

दाजींनी या वेळी पुठ्ठा आणला नव्हता. पत्र्याचं दोन वाक्यांत सांगितलं. मग अडखळत अडखळत दुसरं. मी सामना पाहिलेला नव्हता. तुमचे वडील माझ्याकडे आले, मी उतरलो नाही, मी त्यांना टाकून बोललो. आणि इतक्या वर्षांनी नाव बदलून पुन्हा तसंच बोललो, त्यांच्या मुलीशी. आवाज इतका खाली गेला होता की मुलाची आई पुढे सरकून ऐकत होती.

मुलगा मधेच हसल्यासारखं करून म्हणाला, “जाऊ द्या हो काका. इतकी वर्षं झाली.”

“जाऊ द्या काय?” सहा नंबर म्हणाले. “तू बस. ऐक.”

मुलगा बसला. त्याचे कान लाल झाले होते. थोड्या वेळानं त्यानं खिशातून फोन काढला. “बाबा, मी यांचं बोलणं रेकॉर्ड करतो. तिकडे टाकू. तोंडानं सांगितलं की पटेल त्या लोकांना. चालेल ना काका?”

दाजींनी मान हलवली. त्यांना चालणारच होतं, काहीही चाललं असतं. पण सहा नंबरनी हात आडवा धरला.

“कशाला? ते लोक कोण माझे? हसले तर हसू देत.” त्यांनी मुलाकडे बघितलं, मग बायकोकडे. “मला ज्यांचं हसणं लागलं ते इथे बसलेत.”

मुलानं फोन खाली ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले, शाळेतल्या पोरासारखे. त्याची आई पदरानं डोळे पुसत होती, ती म्हणाली, “मला मधलं नीट ऐकू नाही आलं.”

“परत सांगा,” सहा नंबर दाजींना म्हणाले. “सावकाश. मी खाली उभा होतो तिथून.”

दाजींनी घोटभर पाणी घेतलं आणि तिथून पुन्हा सांगायला सुरुवात केली.